अर्जाचा पहिला परिच्छेद

नोकरीसाठी केलेला अर्ज ज्या मनुष्याच्या हाती पडतो त्याची आणि अर्जदाराची पूर्वीची ओळख नसते, भेट झालेली नसते, आणि ती होण्याचा संभवही पुष्कळदा त्या कागदाच्या पहिल्या चार ओळींवरच अवलंबून असतो. असे असूनही आपल्याकडील सुशिक्षित तरुण ज्या चार ओळींवर सर्वांत कमी विचार खर्च करतो त्या नेमक्या ह्याच होत. शिक्षणाचा तपशील तो काळजीपूर्वक भरतो, गुणपत्रिकांच्या प्रती क्रमाने लावतो, पत्ता आणि दूरध्वनी दोनदा तपासून पाहतो. परंतु आरंभाचा परिच्छेद मात्र कोठल्या तरी नमुन्यावरून उतरून घेतो, आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ किंवा ‘कारणे विनंती अर्ज सादर करतो की’ हे शब्द कागदावर पडले म्हणजे आरंभाचे कर्तव्य पार पडले असे समजून पुढे जातो. त्यात त्याचा दोष थोडा आहे. शालान्त परीक्षेच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखनाचा प्रश्न असतो, त्यात दिनांक, पत्ता, विषय, मायना आणि समारोप ही अंगे जागच्या जागी आहेत की नाहीत हे प्रथम पाहिले जाते, आणि विद्यार्थ्याच्या मनावर असे ठसते की अर्ज हा एक साचा आहे, त्यात आपले नाव घातले की तो आपला होतो. ज्या मुलांनी तालुक्याच्या गावी राहून मोठ्या कष्टाने एखादी विद्या संपादन केली, त्यांची ती विद्या अशा साच्याखाली दबून राहते आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही, ह्याची मला मनापासून खंत वाटते, आणि म्हणून ह्या वरवर क्षुल्लक भासणाऱ्या विषयाचा येथे काहीसा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

प्रथम क्षेत्राची मर्यादा सांगितली पाहिजे. लोकसेवा आयोगाची किंवा बँकांची भरती ठरीव आवेदनपत्रावर होते. तेथे स्वतंत्र पत्रास जागा नसते, आणि असली तरी त्यावर काही ठरत नाही. प्रस्तुत विचार खाजगी कारखाने, सहकारी संस्था, शिक्षणसंस्था, प्रकाशनसंस्था, रुग्णालये, लहानमोठी कार्यालये ह्यांच्याकडे जे पत्र माहितीपत्रकासोबत जाते आणि ज्याला हल्ली सर्रास ‘कव्हर लेटर’ म्हणतात, त्याच्याविषयी आहे. माहितीपत्रकात उमेदवाराची सारी हकीकत कालक्रमाने असते; पत्राचे काम त्या हकीकतीतील कोणती बाब ह्या विशिष्ट जागेसाठी महत्त्वाची आहे ते दाखविण्याचे असते; आणि ती बाब पहिल्याच परिच्छेदात दिसली नाही, तर उरलेले पत्र कितीही चांगले असले तरी ते वाचले जाईलच असा भरवसा धरता येत नाही.

पत्राचा आरंभ ठरीव असावा ही कल्पना आपल्याकडे पुरातन आहे आणि एके काळी ती सयुक्तिकही होती. पेशवाईतील पत्रव्यवहार ज्यांनी वाचला आहे त्यांना ठाऊक आहे की, ज्याला लिहावयाचे त्याच्या योग्यतेप्रमाणे मायना, मग ‘विनंती उपरी’, मग येथील कुशल कळवून तेथील कुशलाची पृच्छा, आणि त्यानंतर ‘विशेष’ असे लिहून खऱ्या मजकुरास प्रारंभ, असा त्या पत्रांचा शिरस्ता असे. मायन्यात चूक होणे हा गंभीर प्रमाद गणला जाई, कारण लिहिणारा आणि वाचणारा ह्यांच्यातील दर्जाचे नाते त्या मायन्यानेच मान्य केलेले असे. आणि मजकूर कोठे सुरू होतो हे शोधण्याचे कष्टही वाचणाऱ्यास पडत नसत. पुढे इंग्रजी अंमलात १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी नेमणुकांत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम देण्याचा ठराव केला, नोकरीच्या इच्छेने इंग्रजीत अर्ज लिहिणारा वर्ग देशभर वाढत गेला, आणि त्या अर्जांबरोबर ‘नम्रतापूर्वक याचना करतो’, ‘आपला आज्ञाधारक सेवक’ अशा अर्थाच्या दरबारी वाक्यसंप्रदायांचा भरणाही झाला. मायन्याचा विनय आणि साहेबी दप्तराचा विनय असे दोन विनय एकत्र होऊन आपल्या आजच्या अर्जाचा आरंभ घडला आहे. ज्या दर्जाच्या नात्यासाठी ते शब्द निर्माण झाले ते नाते आता उरले नाही. जागा भरणाऱ्याला मनुष्य हवा असतो आणि अर्जदाराला काम, एवढाच हा परस्परांच्या गरजेचा व्यवहार आहे. शब्द मात्र शिल्लक राहिले, आणि ‘विशेष’ जेथून सुरू व्हावे ती जागा त्यांनी अडवून ठेवली.

ह्या जागेचे शास्त्र पाश्चात्त्यांनी फार पूर्वीच मांडून ठेवले आहे. रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आरंभी, आपल्या तरुणपणी, वक्तृत्वातील विषयशोधनावर जो ग्रंथ लिहिला त्यात भाषणाच्या आरंभाची तीन कार्ये सांगितली आहेत: श्रोत्याला आपल्याविषयी अनुकूल करणे, त्याचे अवधान मिळविणे, आणि पुढे जे सांगावयाचे ते ग्रहण करण्यास त्याला सिद्ध करणे. मध्ययुगात इटलीमध्ये पत्रलेखनाची एक स्वतंत्र कला उदयास आली, तेव्हा भाषणासाठी सांगितलेले हेच तत्त्व पत्राला लावण्यात आले, आणि अभिवादनानंतर वाचकाचे मन अनुकूल करून घेणारा भाग, मग निवेदन, मग मागणी, मग समारोप अशी पत्राची पाच अंगे ठरली. परंतु सिसेरोच्या विवेचनात मला अधिक मोलाचा वाटतो तो आरंभाच्या दोषांचा भाग. जो आरंभ अनेक निरनिराळ्या प्रकरणांना सारखाच चालेल तो सदोष; जो आपल्याप्रमाणेच प्रतिपक्षालाही वापरता येईल तो सदोष; जो प्रमाणाबाहेर लांबेल किंवा पुढील विवेचनाशी ज्याचा सांधा जुळणार नाही तोही सदोष. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी न्यायसभेसाठी लावलेली ही कसोटी आज एखाद्या पदवीधराने आपल्या अर्जाच्या पहिल्या परिच्छेदाला लावून पाहावी. ‘मी मेहनती, प्रामाणिक व होतकरू असून आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची माझी इच्छा आहे’ हे वाक्य शेजारच्या उमेदवाराच्या अर्जावर जसेच्या तसे ठेवता येते, आणि दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे पाठविता येते. म्हणजे त्यात लिहिणाराही नाही आणि वाचणाराही नाही.

ह्याच्या उलट काय असावे हे नियमांपेक्षा उदाहरणाने अधिक स्पष्ट होते, आणि असे एक उदाहरण आपल्या देशाच्या अर्वाचीन इतिहासात आहे. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रासच्या पोर्ट ट्रस्टकडे एका चोवीस वर्षांच्या तरुणाने कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. अर्ज अगदी लहान आहे. आपल्या कार्यालयात कारकुनाची एक जागा रिकामी असल्याचे कळले व तिच्यासाठी हा अर्ज आहे. आपण मॅट्रिक झालो असून पुढे एफ. ए. ह्या कॉलेजातील परीक्षेपर्यंत शिकलो, परंतु काही प्रतिकूल परिस्थितीमुळे तो अभ्यास पुढे चालविता आला नाही. तथापि आपला सर्व काळ आपण गणिताला दिला आहे आणि त्या विषयाचा विकास करीत आहोत. नेमणूक झाल्यास कामाला न्याय देऊ असा विश्वास वाटतो. एवढेच. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. १ मार्च रोजी श्रीनिवास रामानुजन् दरमहा ३० रुपयांवर हिशेब खात्यात रुजू झाले.

ह्या अर्जाची भाषा त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे विनवणीची आहे, आणि ती आज कोणी उचलावी असे मी म्हणणार नाही. परंतु तिच्या आतील रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या वाक्यात जागा कोणती ते आले. दुसऱ्यात शिक्षण आले, आणि त्या शिक्षणातील अपयशही त्याच वाक्याच्या उत्तरार्धात आले. रामानुजन् यांची ती हकीकत खरोखर करुण होती: गणिताव्यतिरिक्त अन्य विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे कुंभकोणमच्या कॉलेजातील शिष्यवृत्ती गेली, पुढे मद्रासला पच्चय्यप्पा कॉलेजात जाऊनही एफ. ए.ची परीक्षा पार पडली नाही, आणि उपजीविकेसाठी ओळखीपाळखीच्या लोकांच्या दारी जाण्याची पाळी आली. ह्यातील काहीही अर्जात नाही. अपयशाला एक उपवाक्य मिळाले आणि लगेच ‘तथापि’ म्हणून लेखणी आपण काय करीत आहोत त्याकडे वळली. ज्यांच्या शिक्षणात खंड पडला आहे, ज्यांना एखाद्या परीक्षेत अपयश आले आहे, ज्या स्त्रियांनी मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे नोकरी सोडली होती आणि आता पुन्हा काम हवे आहे, त्या सर्वांना ह्या एका ‘तथापि’च्या स्थानावरून पुष्कळ शिकता येईल. खंड लपवू नये, कारण माहितीपत्रकातील वर्षे तो उघड करतातच. त्याचा खुलासा अर्ध्या वाक्यात करावा आणि उरलेल्या अर्ध्या वाक्यात हाती असलेल्या कामाची बाब सांगावी.

पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९१३ रोजी, ह्याच तरुणाने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातील गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. ते नोकरीचा अर्ज नव्हे. परंतु अनोळखी आणि अधिकारी मनुष्याचे अवधान पहिल्या परिच्छेदात मिळविण्याचा प्रश्न येथे अधिकच बिकट होता. त्यापूर्वी केंब्रिजच्या अन्य दोघा गणितज्ञांना लिहिलेली पत्रे निष्फळ झाली होती. हार्डींना लिहिलेल्या पत्रात आरंभी रामानुजन् यांनी आपला हुद्दा आणि वर्षाला अवघे २० पौंड वेतन सांगितले, वय सुमारे तेवीस असल्याचे लिहिले (वस्तुतः ते पंचवीस होते), विद्यापीठाचे शिक्षण झाले नसल्याचे प्रांजळपणे नमूद केले, आणि मोकळा वेळ गणितात घालवून आपण रूढ मार्गाने न जाता आपला नवा मार्ग काढीत आहोत असे सांगितले. येथपर्यंतचा मजकूर वाचून एखादा व्यग्र प्राध्यापक पत्र बाजूला ठेवता. कारण नवा मार्ग सापडल्याचे सांगणारी पत्रे अशा विद्वानांना हौशी मंडळींकडून येतच असतात. परंतु त्यानंतर रामानुजन् यांनी हार्डींच्याच एका पुस्तिकेचा उल्लेख केला, तोही पृष्ठांकासह. छत्तिसाव्या पृष्ठावर आपण असे म्हटले आहे की, दिलेल्या संख्येहून लहान अशा मूळ संख्या किती, हे सांगणारे निश्चित सूत्र अद्याप मिळालेले नाही. मला असे एक सूत्र मिळाले आहे, आणि त्याची प्रत्यक्ष संख्येशी असलेली तफावत नगण्य आहे, असा त्या भागाचा आशय होता. वाचणाऱ्याने ज्या प्रश्नावर स्वतः लेखणी चालविली होती त्याच प्रश्नाशी लिहिणारा येऊन उभा राहिला. असे पत्र दूर सारणे कोणाही अभ्यासकाला कठीण आहे.

गणिताच्या इतिहासाने ह्या प्रसंगाला एक विलक्षण पुरवणी जोडली आहे. मूळ संख्यांविषयीचा तो दावा पुढे टिकला नाही. रामानुजन् समजत होते तेवढी ती तफावत नगण्य नव्हती. हार्डींची खात्री पटली ती सोबतच्या पानांवरील सुमारे १२० प्रमेयांमुळे, आणि त्यांतही वितत अपूर्णांकांच्या काही सूत्रांमुळे. तशी सूत्रे त्यांनी पूर्वी कधी पाहिली नव्हती आणि ती कोणी बनावटपणे रचू शकेल हे त्यांना संभवनीय वाटले नाही. ८ फेब्रुवारीस त्यांनी उत्तर पाठविले. आरंभाच्या परिच्छेदाचे कार्य किती आणि कोठपर्यंत, हे ह्याहून स्पष्टपणे दाखविणारी घटना मला ठाऊक नाही. आरंभ वाचणाऱ्याला पुढच्या पानापर्यंत नेतो. निर्णय पुढचे पान करते. म्हणून पहिल्या परिच्छेदात सर्व गुणांचे प्रदर्शन मांडण्याची आवश्यकता नाही. एक बाब पुरेशी आहे, मात्र ती वाचणाऱ्याच्या कामाशी जोडलेली असावी आणि तिच्यामागे पुरावा असावा.

वाचणाऱ्याच्या गरजेपासून आरंभ करणे ही गोष्ट रामानुजनांच्या चारशे वर्षे आधी आणखी एका मनुष्याने साधली होती. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून एक पत्र सिद्ध केले. त्याचा मसुदा मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयातील ‘कोडेक्स अटलांटिकस’ ह्या संग्रहात आहे. लिओनार्दो त्या वेळी तिशीचा होता आणि फ्लॉरेन्समध्ये चित्रकार म्हणून वावरत होता. पण ज्याला लिहावयाचे तो राजपुरुष त्या काळात फेराराच्या प्रश्नावरून व्हेनिसशी युद्धाच्या धामधुमीत होता. म्हणून पत्राचा आरंभ युद्धयंत्रांपासून आहे: युद्धोपयोगी यंत्रांचे जाणते म्हणविणाऱ्यांची कामे आपण पाहिली, त्यांत नित्याच्या वापरातील साधनांहून निराळे काही आढळले नाही, आणि म्हणून कोणालाही कमी न लेखता आपली गुपिते आपण श्रीमंतांपुढे ठेवीत आहोत. मग हलके आणि मजबूत पूल, खंदकातील पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या, तोफा, आच्छादित रथ अशी एकामागून एक कलमे येतात. शांततेच्या काळातील वास्तुविद्या नंतर येते, आणि ज्या चित्रकलेने त्याचे नाव जगाच्या अंतापर्यंत राहील तिला अगदी शेवटी, शिल्पकलेबरोबर, ओझरता उल्लेख मिळतो. स्वतःला सर्वांत प्रिय काय, ह्यापेक्षा वाचणाऱ्याला आज कशाची निकड आहे, हा विचार ज्या निष्ठुरपणे येथे केलेला आहे त्याचे मला नेहमी नवल वाटते. त्यातील एक गोष्ट मात्र आपल्या उमेदवारांनी घेऊ नये. ‘कोणाला कमी न लेखता’ असे म्हणत इतरांना कमी लेखण्याचे ते वाक्य लिओनार्दोला शोभले असेल. आज जी संस्था आपल्याला घेणार तिच्यात काम करणारी माणसे तोच कागद वाचणार असतात.

चांगला आरंभ केला म्हणजे नोकरी मिळतेच, असा समज कोणाचा होऊ नये, म्हणून आणखी एका अर्जाचा थोडक्यात उल्लेख करतो. १९०१ च्या मार्च महिन्यात, झुरिकच्या तंत्रविद्यालयातून पदवी घेऊनही साहाय्यकाची जागा न मिळालेल्या आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी लाइपझिगच्या विल्हेल्म ओस्टवाल्ड ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाला लिहिले की, सामान्य रसायनशास्त्रावरील आपल्या ग्रंथातून मला सोबतचा लेख लिहिण्याची प्रेरणा मिळाली, आणि आपणांस गणिती पदार्थविज्ञान जाणणाऱ्या मनुष्याचा काही उपयोग होईल का. आरंभ निर्दोष होता. वाचणाऱ्याचे काम, लिहिणाऱ्याचे काम आणि त्यांचा पुरावा, तिन्ही त्यात होते. उत्तर आले नाही. एप्रिलमध्ये आइन्स्टाइनांनी पुन्हा लिहिले, त्यांच्या वडिलांनीही मुलाच्या नकळत लिहिले. काही निष्पन्न झाले नाही, आणि १९०२ च्या जूनमध्ये ते बर्नच्या पेटंट कार्यालयात रुजू झाले. १९१० सालच्या नोबेल पारितोषिकासाठी आइन्स्टाइन यांचे नाव सुचविणारा मात्र हाच ओस्टवाल्ड होता. जेथे जागाच जाहीर झालेली नाही तेथे पत्र कितीही उत्तम असले तरी त्याची शक्ती मर्यादित असते. अशा अर्जाला उत्तर आले नाही तर तो आपल्या लेखनाचा किंवा योग्यतेचा निकाल मानू नये.

आता आपल्या नित्याच्या व्यवहारातील एक कल्पित अर्ज घेऊ. कोल्हापूरकडील एखाद्या सहकारी दूध संघाला हिशेब विभागात सहायक हवा आहे, आणि वाणिज्य शाखेची एक पदवीधर मुलगी अर्ज करीत आहे. नमुन्याप्रमाणे ती लिहील: ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनंती करण्यात येते की, दैनिकात प्रसिद्ध झालेल्या जाहिरातीवरून आपल्या संघात हिशेब सहायकाची जागा रिक्त असल्याचे समजते. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून मेहनती व प्रामाणिक आहे. माझ्या घरची परिस्थिती बेताची असून मला नोकरीची नितांत आवश्यकता आहे. तरी आपल्या नामांकित संस्थेत सेवेची संधी द्यावी.’ ह्यातले पहिले वाक्य विषयाच्या ओळीने आणि संदर्भाच्या ओळीने आधीच सांगितलेले आहे. दुसरे कोणीही लिहू शकतो. तिसरे खरे असेल आणि ते वाचून वाचणाऱ्याचे मन द्रवेलही. परंतु गरज ही निवडीची कसोटी होऊ शकत नाही, कारण समोरच्या गठ्ठ्यातील बहुतेक अर्जदार गरजू आहेत हे त्याला ठाऊक असते, आणि ज्याने दयेला आवाहन केले त्याच्याकडे कामाच्या दृष्टीने पाहणे त्याला उलट अवघड जाते. दारिद्र्याची लाज बाळगावी असे मी म्हणत नाही. परंतु त्याचे निवेदन पहिल्या परिच्छेदात केल्याने अर्जदाराच्या अंगचे कर्तृत्व झाकले जाते, आणि हा अन्याय तो स्वतःच स्वतःवर करून घेतो.

हीच मुलगी जर दोन वर्षे आपल्या गावच्या प्राथमिक दूध संस्थेत सचिवांच्या हाताखाली काम करीत असेल, तर तिला असे लिहिता येईल: ‘आपल्या संघातील हिशेब सहायकाच्या जागेसाठी मी अर्ज करीत आहे. आमच्या गावच्या दूध संस्थेत गेली दोन वर्षे १४० सभासदांची दर दहा दिवसांची बिले मी फॅट व एसएनएफच्या रोजच्या नोंदींवरून तयार करते; पशुखाद्याच्या उधारीची वजावट आणि संघाकडून येणाऱ्या रकमेशी मेळ घालण्याचे कामही माझ्याकडेच आहे. संस्थेची नोंद आणि संघाची पावती ह्यांत फरक पडला म्हणजे तो कोठे पडला हे मी आजवर गावाच्या बाजूने शोधत आले. तेच काम आता संघाच्या बाजूने करण्याची माझी इच्छा आहे.’ ह्यात एकही विशेषण नाही. मेहनत, प्रामाणिकपणा, हिशेबातील चोखपणा हे शब्द नाहीत. परंतु दहा दिवसांनी एकशेचाळीस घरांत जाणारे पैसे जिच्या लेखणीतून जातात तिच्याविषयी वाचणारा ते सारे स्वतः अनुमानाने जाणतो, आणि दुसऱ्याने सांगितलेल्या गुणापेक्षा आपण अनुमानिलेल्या गुणावर मनुष्याचा विश्वास अधिक बसतो. त्याला शंका आली तर संस्थेच्या सचिवांना दूरध्वनी करून खात्री करून घेता येते. आणि शेवटच्या वाक्यात ‘ह्याच संस्थेत का’ ह्या प्रश्नाचे उत्तर संघाची स्तुती न करता आले आहे. ‘नामांकित’, ‘अग्रगण्य’ अशी विशेषणे संस्थेला लावल्याने तिच्या अधिकाऱ्यांना काही नवे कळत नाही. त्यांचे काम कोठे अडते हे अर्जदाराला माहीत आहे, असे दिसले म्हणजे मात्र त्यांचे लक्ष वेधते.

ज्याने अद्याप कोठेही नोकरी केलेली नाही त्याला असे लिहिण्याजोगे काही नसते, ही समजूत मला मान्य नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटरचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलाने शिकाऊ उमेदवारीत कोणत्या यंत्रावर काम केले, किती सूक्ष्मतेची मापे धरली, हे तो एका वाक्यात सांगू शकतो. गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार म्हणून ज्याने वर्गणीचा जमाखर्च लिहिला, पावतीपुस्तकांचा मेळ घातला आणि धर्मादाय कार्यालयाकडे हिशेब सादर केला, त्याने सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवलेला आहे. ती बाब लहान समजून तो गाळतो आणि ‘नवनवीन गोष्टी शिकण्याची आवड’ असे लिहितो. शाळेत शिकविणाऱ्या बाईंना एखाद्या कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात जावयाचे असेल, तर भिन्न वयाच्या आणि भिन्न तयारीच्या साठ मुलांना एकच विषय समजावून देण्याचा त्यांचा अनुभव हाच त्यांचा पहिला परिच्छेद होय. वाचणाऱ्याच्या विश्वासातील एखाद्या व्यक्तीने अर्ज करण्यास सुचविले असेल तर तिचे नाव, तिची अनुमती घेऊन, पहिल्याच वाक्यात घालावे. ते दुसऱ्या पानावर नेऊन ठेवण्यात विनय नसून व्यवहाराचे अज्ञान आहे.

लांबीविषयी फार बोलावयास नको: तीन किंवा चार वाक्ये, साठ ते ऐंशी शब्द. वाचणाऱ्याला चकित करण्याच्या हेतूने एखादे सुभाषित, कोडे किंवा नाट्यपूर्ण प्रश्न आरंभी घालण्याची जी पद्धत काही मार्गदर्शक हल्ली सुचवितात तिचा मी पुरस्कार करणार नाही. जाहिरातलेखनासारख्या क्षेत्रात, जेथे शब्दचातुर्य हेच काम आहे, तेथे ती चालेल, पण रुग्णालयाच्या भांडारपालाच्या जागेसाठी केलेल्या अर्जात ती वाचणाऱ्याला शंकित करते. तयार मजकूर रचून देणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या हाती आली आहेत, आणि त्यांनी दिलेला परिच्छेद व्याकरणशुद्ध असतो. परंतु अर्जदाराने आपल्या कामाचा तपशील त्यांना पुरविला नसेल तर जुन्या नमुन्याच्या जागी नवा नमुना येतो, एवढाच फरक.

लिहिताना क्रम उलटा ठेवावा, हे मी अनुभवाने सांगू शकतो. आधी जाहिरात पुन्हा वाचून तीत ज्या कामांचा उल्लेख आहे ती वेगळ्या कागदावर उतरावीत, त्यांतील कोणते काम आपण प्रत्यक्ष केले आहे त्यावर खूण करावी, मग पत्राचा मधला भाग पुरा लिहावा, आणि लिहून झाल्यावर त्यातील कोणते वाक्य सर्वांत भक्कम आहे ते पाहावे. बहुधा ते तिसऱ्या परिच्छेदात कोठे तरी दडलेले सापडते. तेथून ते उचलून वर आणावे, आणि जेथून उचलले ती जागा अधिक तपशिलाने भरावी, म्हणजे पहिल्या परिच्छेदात ज्या कामाचा उच्चार झाला त्याचा दाखला दुसऱ्यात मिळतो. जाहिरात मराठीत असेल तर अर्ज मराठीत करावा, इंग्रजीत असेल तर इंग्रजीत. ईमेलने पाठवावयाचा असल्यास विषयाच्या ओळीत जागेचे नाव आणि जाहिरातीचा क्रमांक लिहावा, आणि पहिला परिच्छेद जोडपत्रात न ठेवता ईमेलच्या मजकुरातच घालावा, कारण जोडपत्र उघडण्यापूर्वी वाचणाऱ्याच्या दृष्टीस तेवढाच भाग पडतो.